जिवंत इतिहासाची छावणी

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणे, शिवजयंतीच्या मिरवणुकीत मावळ्याचा वेश करून चालणे, जत्रेत दांडपट्टा फिरवून दाखविणे या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत. कोल्हापूरच्या तालमींनी तर मर्दानी खेळांची परंपरा आजतागायत निष्ठेने सांभाळली आहे. परंतु या सर्व प्रकारांत करणारा एका बाजूस आणि पाहणारा दुसऱ्या बाजूस असतो. तास-दोन तासांत वेश उतरतो आणि दोघेही घरी चहाला परततात. गेल्या पन्नास-साठ वर्षांत युरोप-अमेरिकेत याहून निराळा असा एक प्रकार रूढ झाला आहे. त्याला ‘जिवंत इतिहास’ असे म्हणतात. त्यात भाग घेणारी माणसे दोन, तीन, क्वचित त्याहूनही अधिक दिवस एखाद्या विशिष्ट सालातील सैनिक म्हणून राहतात. त्या काळी मिळत असे तोच शिधा खातात, तेच अंथरूण घेतात, रात्रीचे पहारे करतात आणि पाठीवर ओझे घेऊन चालतात. प्रेक्षक असलेच तर दुय्यम असतात.

या प्रकाराची माहिती आपल्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना असणे आता आवश्यक झाले आहे. दरवर्षी आषाढात पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने शेकडो तरुण चालत जातात. २०२५ साली ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत पन्हाळाही आहे. साहजिकच अशा मोहिमांचा ओघ वाढेल, आणि नुसत्या पदभ्रमणावर समाधान न मानता छावणी टाकून राहू इच्छिणारी मंडळेही परवानगीचे अर्ज घेऊन येतील. अर्ज समोर आल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील गेटिसबर्गची लढाई १८६३ च्या जुलै महिन्यात झाली. तिला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९१३ साली, दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांवर वृद्ध सैनिक त्याच रणभूमीवर तंबूंतून राहिले. तो स्मरणसोहळा होता. नवी पिढी जुना वेश करून लढते तो प्रकार पुढचा. १९६१ साली मनासस येथे यादवी युद्धातील पहिल्या मोठ्या लढाईची शताब्दी जुलैच्या कडक उन्हात लढाईचा देखावा उभारून साजरी झाली. प्रचंड गर्दी लोटली. मात्र ज्या भूमीवर माणसे खरोखर मेली तेथे मरण्याचे नाटक करणे उचित आहे काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि तेथील राष्ट्रीय उद्यान विभागाने पुढे आपल्या ताब्यातील रणभूमींवर असे लुटुपुटीचे सामने करण्यास मनाई केली. छावणीचे जीवन, कवायत आणि शस्त्रांची प्रात्यक्षिके यांना मात्र तेथे मुभा आहे. हा भेद आपणही ध्यानात घेण्याजोगा आहे.

इंग्लंडमध्ये ब्रिगेडियर पीटर यंग या लष्करी इतिहासकाराने १९६८ साली ‘सील्ड नॉट’ ही संस्था स्थापन केली. सतराव्या शतकातील इंग्रज यादवी युद्ध हा तिचा विषय. १९७२ साली निघालेल्या ‘अर्मिन स्ट्रीट गार्ड’ या संस्थेने रोमन सैनिकांची शस्त्रे व चिलखते पुराव्यानिशी घडविण्यास आरंभ केला. १९८५ साली मार्कुस युंकेलमान हा जर्मन इतिहासकार मोजक्या सोबत्यांसह रोमन सैनिकांच्या वेशात इटलीतील वेरोनाहून निघाला आणि आल्प्स पर्वत ओलांडून जर्मनीतील आउग्सबुर्गला पोहोचला. या पायपिटीत लढाई अशी नव्हतीच. पायताणाचे खिळे, खांद्यावरचे ओझे आणि रोजचे दळण हेच तेथील शत्रू. ग्रंथालयात बसून न सुटणारे प्रश्न अशा चालण्याने सुटतात, निदान ते नेमके कोणते आहेत हे तरी कळते. आणि या उद्योगाची खरी किंमत तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२०१५ साली वॉटर्लूच्या लढाईची द्विशताब्दी बेल्जममध्ये झाली तेव्हा सुमारे पाच हजार वेशधारी सैनिक, तीनशे घोडे आणि शंभर तोफा जमल्या होत्या. इतक्या मोठ्या मेळाव्यास सरकारी यंत्रणेचे पाठबळ लागते, ते आपल्या विषयाबाहेरचे आहे. दोनशे-अडीचशे माणसांचा मेळावा हाच आपल्यापुरता विचाराचा आवाका ठेवणे शहाणपणाचे होय.

प्रसंग नेमका हवा

‘शिवकालीन छावणी’ असे मोघम नाव देऊन अर्ज आला तर आयोजकाला परत पाठवावे. कोणते साल, कोणता महिना, कोणती तुकडी, कोठून कोठे, हे त्याला सांगता आले पाहिजे. उदाहरण म्हणून पन्हाळ्याचाच प्रसंग घेऊ. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि तो सुमारे चार महिने चालला. राजापूरच्या वखारीतील इंग्रजही आपला दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाले होते. जुलै महिन्यातील एका पावसाळी रात्री शिवाजीमहाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गडाबाहेर पडले आणि विशाळगडाकडे निघाले. महाराजांचा वेश घेऊन शिवा काशीद शत्रूच्या हाती पडला आणि प्राणास मुकला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी निम्म्या लोकांनिशी पाठलाग रोखून धरला. विशाळगडालाही वेढा होताच; तो फोडून महाराज गडावर पोहोचले आणि गडावरच्या तोफांचे आवाज ऐकून बाजींनी देह ठेवला, अशी परंपरा आहे.

एवढा प्रसंग हाती असला की पुष्कळशा गोष्टी आपोआप ठरतात. वेळ रात्रीची, महिना पावसाळ्याचा, वाट मसाई पठारावरून पांढरे पाण्याकडे जाणारी, अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. तुकडीची रचना कशी असावी, हेही सभासदाच्या बखरीच्या आधाराने ठरविता येते. दहा पाइकांमागे एक नाईक, पाच नाइकांमागे एक हवालदार, दोन-तीन हवालदारांमागे एक जुमलेदार अशी ती उतरंड. आयोजकांनी हीच रचना प्रत्यक्ष व्यवस्थेसाठी वापरावी. दोनशे सहभागी असतील तर वीस नाईक आणि चार हवालदार होतात. प्रत्येक नाइकाने आपल्या दहा जणांची हजेरी सकाळ-संध्याकाळ घ्यावी, कोणाचा पाय सुजला, कोणाला ताप आहे, कोण मागे राहिला, हे त्याला तोंडपाठ असावे. वीस चिठ्ठ्यांवर दोनशे माणसांचा हिशेब मिळतो. आधुनिक स्वयंसेवक-पद्धती याहून अधिक काही देत नाही.

सहभागी होणाऱ्यांना काय आणावे व काय आणू नये याची लेखी सूचना निदान तीन महिने आधी मिळावी आणि प्रवेशाच्या वेळी सामानाची तपासणी व्हावी. परदेशातील चांगल्या मंडळांत ही तपासणी फार कडक असते. ऐनवेळी नायलॉनची पिशवी आणि घड्याळ घेऊन आलेल्यास नम्रपणे पण निश्चयाने परत पाठवितात. आपल्याकडे ओळखीचा माणूस म्हणून सोडून देण्याची वृत्ती असते. ती येथे घातक ठरते, कारण एकाने मोबाइल काढला की उरलेल्या एकशे नव्व्याण्णवांचा सतराव्या शतकातला प्रवास तेथेच संपतो.

शिध्याचा प्रश्न

शिक्षकांना या भागात विशेष रस वाटेल. मावळ्याच्या शिदोरीत काय असावे, यावर वर्गात तासभर चर्चा सहज रंगेल. बटाटा, टोमॅटो, साबुदाण्याचा कंद, भुईमूग ही सारी मुळात अमेरिका खंडातील पिके. त्यांना १६६० सालच्या मावळातील रोजच्या शिध्यात जागा देण्यापूर्वी पुरावा मागावा. नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, भात, कांदा, डाळ, चणे, गूळ हे निर्धास्तपणे चालेल. तंबाखूही अमेरिकेतलीच, पण ती तोवर आपल्या लष्करात चांगली रुळली होती. याचा पुरावा पुढे येईलच. चहा मात्र नाही. प्रस्तुत लेखकाच्या अनुभवाप्रमाणे तलवारीचे वजन, ओले घोंगडे आणि अपुरी झोप हे सारे आजचा तरुण आनंदाने सोसतो. सकाळी चहा मिळणार नाही हे ऐकून मात्र त्याचा धीर सुटतो. आयोजकांनी ही गोष्ट आधीच स्पष्ट सांगावी.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या छावण्यांत सैनिकाला रोज सुमारे साडेचारशे ग्रॅम कडक बिस्किटे आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर खारवलेले डुकराचे मांस असा शिधा नियमाने ठरलेला होता, आणि आजचे काटेकोर हौशी सैनिक तेवढाच घेऊन निघतात. आपल्याकडे असा तयार तक्ता हाती नसल्याने जिल्ह्यातील इतिहास संशोधकाचा किंवा महाविद्यालयीन अध्यापकाचा सल्ला घ्यावा. उपाशी ठेवणे हा मात्र इतिहास नव्हे. पन्नास किलोमीटर चालणाऱ्यास पोटभर अन्न दिलेच पाहिजे.

पाणी, शौचकूप आणि औषध

आपत्तीकाळातील छावण्यांसाठी माणशी रोज पंधरा लिटर पाणी, वीस माणसांमागे एक शौचकूप आणि पाण्याच्या उगमापासून शौचकूपांचे अंतर निदान तीस मीटर, असे किमान प्रमाण आंतरराष्ट्रीय पातळीवर मानले जाते. दोनशे सहभागी आणि पन्नास मदतनीस धरले तर रोज ३,७५० लिटर, म्हणजे तीन दिवसांना ११,२५० लिटर पाणी आणि तेरा शौचकूप लागतात. पावसाळा आहे, झरे वाहत आहेत, असे म्हणून हा हिशेब उडवून लावू नये. पावसाळ्यातील वाहते पाणी गढूळ आणि दूषित असते, आणि अडीचशे माणसांनी झऱ्याच्या वरच्या अंगाला तळ दिला तर खालच्या वाडीला त्याचा जुलाब भोगावा लागतो. मुक्कामाची जागा ठरविताना ग्रामसेवक आणि आरोग्य सेवक यांना बरोबर घेऊन प्रत्यक्ष पाहणी करावी. पाहणी उन्हाळ्यात न करता मागील वर्षीच्या पावसाळ्यात करावी, कारण एप्रिलमध्ये कोरडा दिसणारा माळ जुलैत दलदल झालेला असतो.

या बाबतीत आपल्याकडे परदेशाहून थोर अशी एक शाळा आहे. आषाढातच पंढरीच्या वाटेवर शेकडो दिंड्या चालत असतात. प्रत्येक दिंडीचे सामान पुढे जाते, वारकरी पोहोचण्यापूर्वी राहुट्या उभ्या असतात, चुली पेटलेल्या असतात, पाण्याचे टँकर लागलेले असतात. फिरती छावणी कशी चालवावी हे शिकण्यासाठी आयोजकांनी एखाद्या जाणत्या दिंडीचालकाबरोबर चार दिवस चालावे.

सहभागींना दिसणार नाही अशी एक आधुनिक छावणी मुख्य छावणीच्या मागे असलीच पाहिजे. तीत डॉक्टर, सर्पदंशावरील लस जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे याची खातरजमा, बिनतारी संदेशयंत्रे, दोरखंड, विजेऱ्या आणि एक वाहन असावे. या वाटेवर सर्वत्र मोबाइल लागेलच असे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोणत्या फाट्यापर्यंत येऊ शकते आणि तेथपर्यंत रुग्णाला डोलीतून आणण्यास किती वेळ लागतो, हे आधी चालून पाहावे. पावसात भिजलेला, थकलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर ती थट्टा समजू नये. अंगातील उष्णता घटल्याचे ते लक्षण असू शकते. शिवाय छावणीत सर्वजण भूमिकेत असल्याने ‘मेलो’, ‘वाचवा’ या शब्दांना किंमत उरत नाही. खऱ्या संकटासाठी एक निराळा, भूमिकेत कधीही न येणारा शब्द ठरवून तो सर्वांकडून घोकून घ्यावा. तो उच्चारताच सारे नाटक थांबले पाहिजे, मग त्या क्षणी खिंडीत बाजीप्रभू का लढत असेनात.

अठरा वर्षांखालील मुलांना रात्रीच्या वाटचालीत घेऊ नये. शाळांसाठी गडाच्या पायथ्याशी एक दिवसाची, पालकांच्या संमतीने भरणारी छावणी पुरेशी आहे. पादत्राणांच्या बाबतीत प्रस्तुत लेखकाचे मत काटेकोर मंडळींना रुचणार नाही. जुलैतील निसरड्या घाटात चामड्याच्या वहाणांचा हट्ट न धरता मजबूत बूट चालू द्यावेत. अस्सलपणासाठी कोणाचा पाय मोडणे परवडणारे नाही.

शस्त्रे आणि दारू

१९९८ साली गेटिसबर्गच्या अशाच एका मोठ्या मेळाव्यात नुसता बार भरला आहे अशा समजुतीने झाडलेल्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि एका सहभागीच्या मानेत शिरली. सुदैवाने तो वाचला. इतक्या अनुभवी लोकांत, इतक्या तपासणीनंतर हे घडले. परदेशी मंडळांचे नियम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. सामन्यापूर्वी प्रत्येक नळी तपासली जाते, बार ठासण्याचा गज रणात आणू देत नाहीत कारण तो चुकून नळीत राहिला तर बाणासारखा सुटतो, माणसाच्या अंगावर नेम न धरता नळी वर उचलूनच बार काढतात, आणि तोफेत नवी दारू भरण्यापूर्वी ओल्या कुंच्याने आतली ठिणगी विझवून काही मिनिटे थांबतात.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि स्फोटकांविषयीचे १८८४ सालचे अधिनियम लागू आहेत. परवाना नसलेली बंदूक, मग ती पणजोबांची का असेना, छावणीत येता कामा नये. तलवारी व पट्टे बोथट असावेत आणि त्यांची यादी पोलीस ठाण्यात आधी द्यावी. पन्हाळ्याच्या प्रसंगात तर इतिहासानेच आयोजकांची सुटका केली आहे. धो धो पावसात तोड्याची बंदूक पेटणेच कठीण. खिंडीतील झुंज मुख्यतः तलवार, पट्टा, भाला आणि दगड यांनी झाली असेल, असे मानण्यास हरकत नाही. तेव्हा दारूशिवायही प्रसंग पुरा होतो. इशारतीच्या तोफांऐवजी नगारा वाजवावा. आणखी एक गोष्ट. सिद्दी जौहरच्या सैन्याची भूमिका करणाऱ्यांना विदूषक बनवू नये. चार महिने भर पावसातही वेढा न उठविणारे सैन्य हास्यास्पद नव्हते; ते तसे दाखविल्यास त्यातून निसटणाऱ्यांचे साहसही हलके होते, आणि गावातील सलोख्यालाही नाहक धक्का बसतो.

परवानग्यांबद्दल थोडक्यात इतकेच. पन्हाळा किल्ला केंद्र शासनाच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. १९५८ चा अधिनियम व त्याखालील नियम यांनुसार संरक्षित स्मारकात मेळावा, करमणूक किंवा स्वयंपाक यांना पूर्वपरवानगी लागते. राज्य संरक्षित स्मारकांना १९६० चा राज्य अधिनियम लागू होतो. मसाई पठार हे संवर्धन राखीव क्षेत्र असल्याने वन विभागाची अनुमती निराळी घ्यावी लागते. तेथील सड्यावरील पावसाळी वनस्पती काही आठवड्यांपुरत्याच उगवतात; त्यांवर राहुट्यांच्या मेखा ठोकू नयेत, पठार चालत ओलांडावे आणि मुक्काम खाली करावा.

गावाचा शब्द

आता ज्याच्या उंबरठ्यावरून ही फौज जाते त्या गावाकडे वळू. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजीमहाराजांनी चिपळूणच्या लष्करी तळावरील अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले दाणे आणि गवत आताच उधळले तर पुढे घोडी मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकरी, गवत, लाकूड, भाजीपाला ओढून आणू लागतील, आणि रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे, असा त्याचा आशय. पुढे महाराज आगीबद्दल बजावतात. गवताच्या गंज्यांजवळ कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी पागा जळेल. स्वराज्याचा धनी उंदराने वात नेण्यापर्यंतचा विचार करतो. छावणीच्या व्यवस्थापनाचे याहून नेमके टिपण प्रस्तुत लेखकाच्या वाचनात नाही. प्रत्येक आयोजकाने आपल्या नाइकांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे.

याचे कारण पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका मोहिमेबरोबर चालत असताना वाटेत चिखल फार झाला म्हणून पुढची टोळी बांधावरून उतरून लावणी झालेल्या खाचरातून गेली. मागच्यांनी तीच वाट धरली. अर्ध्या तासात दोन खाचरे तुडवून निघाली. शेतकरी आणि त्याची घरधनीण बांधावर इरली घेऊन उभी होती. दोघे काही बोलली नाहीत. घोषणा देत जाणाऱ्या पोरांकडे पाहून त्या बाईने नमस्कारही केला. दुसऱ्या दिवशी परतताना पाहिले तर वाटेच्या तोंडाशी करवंदीच्या काट्यांची शिरी आडवी टाकलेली होती. भरपाई द्यावी असे कोणाच्या मनात आले नाही. आमच्याही आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

जुलै हा भातलावणीचा महिना असतो आणि इतिहासाने प्रसंगाची तारीख बदलता येत नाही. म्हणून वाटेवरील प्रत्येक ग्रामपंचायतीशी आयोजकांनी दोन महिने आधी बोलावे आणि वाट कोठून जाईल, बांध कोठे फुटण्याची शक्यता आहे, तेथे फळ्या किंवा दगड कोण टाकील हे लिहून घ्यावे. भरपाईसाठी ठराविक रक्कम आधीच ग्रामपंचायतीकडे अनामत ठेवण्याची अट पंचायतीने घालावी. स्वयंपाक, सरपण, वाटाडे, डोलीवाले ही कामे गावातील बचत गटांना आणि तरुणांना ठरल्या दराने द्यावीत. शाळेची इमारत मुक्कामाला दिली तर तासिका बुडणार नाहीत आणि इमारत धुऊन परत मिळेल, हे मुख्याध्यापकांनी लेखी घ्यावे.

शेवटच्या दिवशी सहभागी मंडळी घरी जाण्याच्या घाईत असतात. तेव्हा प्रत्येक हवालदाराची तुकडी दोन तास मागे ठेवावी. राख विझवून पुरावी, शौचकूपाचे चर मातीने भरून त्यावर खूण करावी, प्लॅस्टिक गोळा करून सोबत न्यावे, मेखांचे खड्डे बुजवावेत. नंतर आयोजकाने सरपंच आणि तलाठी यांच्याबरोबर सबंध वाट उलट दिशेने चालून नुकसानीची नोंद करावी आणि अनामतीचा हिशेब पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. त्या सभेला ज्यांची खाचरे तुडवली गेली असतील त्यांना नावाने निरोप पाठवावा.